सकाळी ऊन, दुपारी गारा, रात्री बर्फ: ब्रिटनमधला वसंत इतका लहरी का असतो?

३० मार्च २०२१. लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये पारा २४.५ अंश सेल्सिअसवर पोहोचला. ब्रिटनमध्ये मार्च महिन्यात एवढं तापमान १९६८ नंतर पहिल्यांदाच नोंदवलं गेलं होतं. इंग्लंडमधले कोरोना लॉकडाऊनचे नियमही आदल्याच दिवशी थोडे सैल झाले होते. लोक टी-शर्ट घालून बागांमध्ये, नदीकाठी जमले. हिवाळा संपला, असंच सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर सहाच दिवसांनी, ५ एप्रिलला, ईस्टरच्या सुट्टीत उत्तर ध्रुवाकडून वारे आले आणि बर्फ पडला. स्कॉटलंडमध्ये तो जमिनीवर साचला, तर इंग्लंडच्या दक्षिण भागातही काही ठिकाणी हिमकण भुरभुरले. पुढे तो अख्खा एप्रिल गारठलेलाच गेला. देशभरात सरासरी १३ दिवस पारा शून्याखाली उतरला. १९६० पासूनच्या नोंदींत इतका गारठलेला एप्रिल दुसरा नव्हता.

हे एका वर्षापुरतं नाही. मार्च आणि एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये असं वरचेवर होतं. तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांच्या स्टोरीजमध्येही ते दिसतं. सकाळी डॅफोडिलची पिवळी फुलं, दुपारी गारांनी पांढरी झालेली बाल्कनी आणि संध्याकाळी इंद्रधनुष्य. हवामान असं का वागतं? आणि त्याचा फटका नेमका कुणाला बसतो?

ब्रिटनमध्ये वसंत सुरू तरी कधी होतो?

याची दोन उत्तरं आहेत. ब्रिटनचं हवामान खातं म्हणजे मेट ऑफिस नोंदींच्या सोयीसाठी १ मार्च ते ३१ मे हा काळ वसंत ऋतू धरतं. खगोलशास्त्राप्रमाणे मात्र वसंत सुरू होतो तो २० मार्चच्या आसपास, दिवस आणि रात्र जवळपास समान होतात तेव्हा.

या काळात सगळ्यात झपाट्याने बदलतो तो उजेड. लंडनमध्ये मार्चच्या सुरुवातीला दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. महिना संपेपर्यंत तो जवळपास तेरा तासांचा होतो. म्हणजे रोज साधारण चार मिनिटांची भर. त्यातच मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास पुढे केली जातात. ही पद्धत ब्रिटनमध्ये १९१६ पासून आहे. तिकडे मुलं असलेल्या इथल्या घरांनाही हा दिवस लक्षात ठेवावा लागतो. भारत आणि ब्रिटनमधलं साडेपाच तासांचं अंतर त्या दिवसापासून साडेचार तासांवर येतं.

उजेड वाढला म्हणजे ऊबही वाढली, असं मात्र होत नाही. सगळा घोळ तिथेच आहे.

ऊन सप्टेंबरचं, समुद्र हिवाळ्यातला

२० मार्चच्या सुमारास ब्रिटनच्या आकाशात सूर्य जेवढा उंच असतो, तेवढाच तो २२-२३ सप्टेंबरलाही असतो. म्हणजे दोन्ही वेळी मिळणारं ऊन जवळपास सारखं. तरीही सप्टेंबर उबदार आणि मार्च थंड. याचं कारण समुद्र.

पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. उन्हाळाभर तापलेला समुद्र सप्टेंबरमध्ये उबदार असतो. हिवाळाभर निवत गेलेला समुद्र फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षातला सगळ्यात थंड असतो. तेव्हा ब्रिटनभोवतीच्या पाण्याचं तापमान बहुतेक ठिकाणी ६ ते १० अंशांच्या दरम्यान असतं. ब्रिटन हे बेट असल्यामुळे वारा कुठूनही आला, तरी तो या पाण्यावरूनच येतो.

त्यामुळे मार्चमध्ये आडोशाच्या उन्हात बसलं की जॅकेट काढावंसं वाटतं. सूर्य ढगाआड गेला किंवा वारा सुटला की पाच मिनिटांत ते पुन्हा चढवावं लागतं.

हाच समुद्र ब्रिटनला वाचवतोही. लंडन साडे-एकावन्न अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्याच अक्षांशावर अटलांटिकच्या पलीकडे कॅनडाचा लॅब्राडॉरचा किनारा आहे आणि तिथे मार्चमध्ये समुद्रावर बर्फ तरंगत असतो. ब्रिटनची तशी गत होत नाही. नैर्ऋत्येकडून येणारे वारे आणि अटलांटिकमधला उबदार प्रवाह हे त्याचं कारण.

पाच दिशांचे पाहुणे

महाराष्ट्रात जूनमध्ये वाऱ्याची दिशा बदलते आणि पुढचे चार महिने ती साधारण तशीच राहते. ब्रिटनमध्ये ती दोन दिवसांत तीनदा बदलू शकते. आणि वारा कुठून येतो, यावर तिथला दिवस कसा जाणार ते ठरतं.

- पश्चिम आणि वायव्येकडून: ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाकडची थंड हवा अटलांटिकवरून बाष्प घेऊन येते. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त वेळा हीच हवा असते. ऊन, सर, पुन्हा ऊन, पुन्हा सर, हा तिचा खाक्या.
- नैर्ऋत्येकडून: अझोर्स बेटांच्या बाजूची ऊबदार, दमट हवा. ढगाळ आकाश, झिमझिम पाऊस आणि सौम्य तापमान.
- दक्षिणेकडून: स्पेन आणि उत्तर आफ्रिकेकडची कोरडी, गरम हवा. हिच्यामुळेच मार्चमध्ये अचानक विशी पार होते. कधीकधी ती सहारा वाळवंटातली धूळही आणते. मग पाऊस पडून गेला की मोटारींवर तांबूस थर दिसतो.
- उत्तरेकडून: थेट उत्तर ध्रुवाकडची हवा. बोचरी थंडी आणि बर्फाच्या सरी.
- पूर्वेकडून: रशिया आणि स्कँडिनेव्हियाकडची हवा. मार्चमध्ये तिकडची जमीन अजून गोठलेली असते, त्यामुळे ही हवा हाडं गोठवते.

३० मार्च २०२१ ला हवा दक्षिणेकडून येत होती, ५ एप्रिलला उत्तरेकडून. ऋतू तोच होता, वाऱ्याची दिशा तेवढी बदलली होती.

यातला कोणता वारा येणार, हे कोण ठरवतं?

जमिनीपासून साधारण नऊ ते सोळा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अतिवेगवान पट्टा वाहतो. तोच जेट स्ट्रीम. त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर जातो. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या सीमेवर तो असतो. अटलांटिकवर तयार होणारी वादळं आणि कमी दाबाची क्षेत्रं त्याच्याच वाटेने पुढे सरकतात.

हिवाळ्यात ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातला फरक मोठा असतो, त्यामुळे जेट स्ट्रीमही जोरात असतो. वसंतात हा फरक कमी होत जातो आणि त्याचा जोर ओसरतो. जोर कमी झाला की तो सरळ वाहण्याऐवजी मोठमोठी वळणं घेऊ लागतो. ब्रिटन अशा वळणाच्या उत्तरेला सापडलं तर ध्रुवाकडची थंडी, दक्षिणेला सापडलं तर भूमध्य समुद्राकडची ऊब. वळण काहीशे किलोमीटर सरकलं तरी सगळं चित्र पालटतं.

कधीकधी जास्त दाबाचं क्षेत्र स्कँडिनेव्हियाजवळ ठाण मांडून बसतं आणि पश्चिमेच्या वाऱ्यांची वाट अडवतं. मग पूर्वेचा वारा आठवडा-आठवडा हलत नाही. ब्रिटनमध्ये उत्तरेचे आणि पूर्वेचे वारे वसंतात जास्त वाहतात, ते अशा कारणांमुळे.

एप्रिलच्या सरी आणि महाराष्ट्रातला वळीव

ब्रिटनमध्ये ‘एप्रिलच्या सरी’ प्रसिद्ध आहेत. त्या कशा तयार होतात हे मराठी माणसाला समजायला सोपं आहे, कारण त्यामागची यंत्रणा वळवाच्या पावसासारखीच आहे. उन्हाने जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते, थंड होते आणि ढगांचे उंच मनोरे उभे राहतात. मग गडगडाट, सर, गारा. तासाभराने पुन्हा ऊन.

पण महाराष्ट्रात वळवाच्या वेळी जमीन चाळीस अंशांच्या आसपास तापलेली असते. ब्रिटनमध्ये एप्रिलात तापमान दहा-बारा अंशच असतं. मग ढग कसे उभे राहतात? तर महत्त्व असतं ते खालच्या आणि वरच्या हवेतल्या फरकाला. एप्रिलमध्ये ब्रिटनवर वरची हवा अजून हिवाळ्यासारखी थंडगार असते. त्यामुळे खाली थोडीशी ऊब मिळाली तरी हवा झपाट्याने वर जाते. वरचा थर इतका थंड असतो, की सरीसोबत गारा किंवा बर्फाचे मऊ गोळे पडतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. एप्रिल हा ब्रिटनमधला सगळ्यात पावसाळी महिना नाही. सर्वाधिक पाऊस पडतो तो शरद ऋतूत आणि हिवाळ्यात. एप्रिलचा पाऊस लक्षात राहतो, कारण तो उन्हात पडतो.

पूर्व किनाऱ्यावर आणखी एक गंमत दिसते. जमिनीवरची उबदार हवा थंडगार समुद्रावरून सरकली की दाट धुकं तयार होतं आणि वाऱ्याबरोबर किनाऱ्यावर येतं. स्कॉटलंडमध्ये त्याला ‘हार’ म्हणतात. अशा दिवशी पश्चिमेला ग्लासगोत लख्ख ऊन असतं आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या एडिनबरात समोरचं दिसत नाही.

सात आठवड्यांत उणे ४.७ ते २९.१

वसंत किती टोकं गाठू शकतो, हे २०१८ मध्ये दिसलं. त्या फेब्रुवारीच्या मध्यावर उत्तर ध्रुवाच्या वर, स्थितांबर नावाच्या थरात तापमान अचानक वाढलं आणि ध्रुवाभोवती फिरणारं थंड हवेचं चक्र दुभंगलं. त्याचा परिणाम खाली जमिनीपर्यंत यायला दोन आठवडे लागले. मग सैबेरियाकडून वारे सुरू झाले. माध्यमांनी या लाटेला ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडचं श्वापद, असं नाव दिलं.

१ मार्च हा वेल्समध्ये सेंट डेव्हिडचा दिवस. त्या दिवशी तिथे छातीवर डॅफोडिल लावायची रीत आहे. २०१८ च्या १ मार्चला वेल्समधल्या ट्रेडेगार इथे दिवसाचं कमाल तापमानही उणे ४.७ अंशांच्या वर गेलं नाही. मेट ऑफिसने बर्फासाठी सर्वोच्च पातळीचा, लाल इशारा दिला. रस्त्यांवर वाहनं अडकली, शाळा बंद राहिल्या.

मार्चच्या मध्याला बर्फ पुन्हा आला. आणि १९ एप्रिलला लंडनच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पारा २९.१ अंशांवर गेला. १९४९ नंतरचा तो एप्रिलमधला सर्वांत उष्ण दिवस ठरला. १ मार्च ते १९ एप्रिल म्हणजे बरोबर सात आठवडे.

बर्फाबाबत तर मेट ऑफिसच्या सरासरी नोंदीच बोलक्या आहेत. ब्रिटनमध्ये बर्फ पडण्याचे दिवस डिसेंबरपेक्षा मार्चमध्ये जास्त असतात. भेटकार्डांवर बर्फ नाताळचा असला, तरी प्रत्यक्षात तो ईस्टरला पडण्याची शक्यता जास्त. आणि क्रिकेटच्या चाहत्यांसाठी: २ जून १९७५ ला बक्सटन इथे डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर या काउंटी सामन्यात मैदानावर बर्फ साचल्यामुळे दिवसभराचा खेळ होऊ शकला नव्हता.

फटका कुणाला बसतो?

शहरातल्या माणसासाठी हा छत्री आणि जॅकेटचा प्रश्न आहे. ज्यांचं पोट जमिनीवर आहे, त्यांच्यासाठी तो वर्षभराच्या कमाईचा आहे.

पहिला फटका मेंढपाळांना. ब्रिटनमध्ये बहुतेक मेंढ्या वसंतातच वितात. म्हणजे कोवळी कोकरं माळरानावर येतात ती नेमकी या बेभरवशाच्या दिवसांत. २०१२ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या अबॉइन इथे पारा २३.६ अंशांवर गेला होता. स्कॉटलंडमधला हा मार्चचा विक्रम होता. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, मार्चचं देशभरातलं सरासरी तापमान अवघं २.२ अंश राहिलं. १९६२ नंतर इतका थंड मार्च आला नव्हता. महिन्याच्या शेवटी वेल्स, उत्तर आयर्लंड, कंब्रिया आणि आइल ऑफ मॅनमध्ये बर्फाचे ढीग साचले आणि त्याखाली हजारो मेंढ्या-कोकरं गाडली गेली. शेतकरी काठ्यांनी बर्फ चाचपत त्यांना शोधत होते.

दुसरा फटका फळबागांना. इथे थंडीपेक्षा धोकादायक असते ती आधीची ऊब. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही दिवस उबदार गेले की सफरचंद, चेरी, प्लम यांच्या कळ्या लवकर फुटतात. मग एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली गेला की बहर जळतो आणि त्या फांदीवर त्या वर्षी फळ धरत नाही. एप्रिल २०१७ च्या शेवटी आलेल्या अशा थंडीने इंग्लंडमधल्या अनेक द्राक्षबागांचं मोठं नुकसान केलं. अशा रात्री बागायतदार ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवून बसतात. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा घसरला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, तसंच हे.

तिसरा धोका पर्यटकांना. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घसरतं. पायथ्याशी दहा अंश आणि ऊन असताना १,३४५ मीटर उंचीच्या बेन नेव्हिसच्या माथ्यावर पूर्ण हिवाळा असू शकतो. समुद्राचंही तसंच. पहिल्या उबदार सुट्टीत लोक पाण्यात उतरतात. बाहेर वीस अंश असले तरी पाणी वर्षातलं सगळ्यात थंड असतं. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शिरल्यास श्वास अनावर होतो आणि पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. किनाऱ्यावर बचावकार्य करणारी आरएनएलआय ही संस्था दरवर्षी याबद्दल बजावते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं?

हो. महाराष्ट्रात शेतकरी मृगाचा पाऊस, हस्ताचा पाऊस असा हिशेब मांडतो, तसे ब्रिटनमध्येही जुने ठोकताळे आहेत. मार्च सिंहासारखा येतो आणि कोकरासारखा जातो, अशी म्हण आहे. मार्च-एप्रिलच्या सुमारास ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपांवर पांढरी फुलं येतात आणि नेमकी त्याच वेळी थंडी परतते. त्या थंडीला ‘ब्लॅकथॉर्नचा हिवाळा’ म्हणतात. मार्चने एप्रिलकडून तीन दिवस उसने घेतले आणि ते वादळी केले, अशी स्कॉटलंडमधली समजूत आहे.

काहींनी याच्या चोख नोंदीही ठेवल्या. नॉरफोकमधले जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून पहिलं स्नोड्रॉप कधी फुललं, बेडूक कधी ओरडले, पाकोळ्या कधी आल्या हे लिहायला सुरुवात केली. त्यांच्या घराण्याने हा वसा १९५८ पर्यंत चालवला.

अशाच जुन्या-नव्या नोंदींचा केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला आणि २०२२ मध्ये निष्कर्ष मांडले. ४०६ प्रकारच्या वनस्पतींच्या चार लाखांहून अधिक नोंदी त्यांनी तपासल्या. १९८७ नंतरच्या काळात ब्रिटनमधल्या झाडांना त्याआधीच्या काळापेक्षा सरासरी महिनाभर आधी फुलं येऊ लागली आहेत, असं त्यातून दिसलं. तापमानाचे आकडेही तेच सांगतात. २०२४ चा वसंत तोवरचा सर्वांत उबदार ठरला होता. २०२५ मध्ये तोही विक्रम मोडला.

म्हणजे वसंत लवकर येतोय. पण थंडीची परतफेरी पूर्ण थांबलेली नाही. बहर जितका लवकर, तितका तो एखाद्या गोठवणाऱ्या रात्रीच्या तावडीत सापडण्याचा काळ लांबतो. हवामान तापत असतानाही बागायतदारांची चिंता वाढते, ती यामुळे.

मग अंदाजावर किती भरवसा ठेवायचा?

ब्रिटनच्या हवामान खात्याची सुरुवात १८५४ मध्ये झाली. त्याचे पहिले प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगभर फिरले, त्याचे हे कप्तान. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडून शेकडो माणसं गेली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि ऑगस्ट १८६१ मध्ये ‘द टाइम्स’मध्ये त्यांचा पहिला दैनंदिन अंदाज छापून आला. अंदाज चुकले की त्यांची टिंगल होई.

आज परिस्थिती खूप सुधारली आहे. मेट ऑफिसच्या म्हणण्यानुसार, आताचा चार दिवसांचा अंदाज तीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसाच्या अंदाजाइतका अचूक असतो. उद्या सरी येणार हे खात्रीने सांगता येतं. पण सर या गल्लीत पडेल की पुढच्या, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून ॲपमध्ये पावसाची शक्यता टक्क्यांत दिसते. ४० टक्के म्हणजे तशा दहा दिवसांपैकी चार दिवस तिथे पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ.

सोशल मीडियावर दर मार्चला लाल-जांभळ्या रंगांचे नकाशे फिरतात आणि ‘दोन आठवड्यांत बर्फाचं संकट’ असे मथळे येतात. असे नकाशे बहुतेकदा एखाद्या संगणकीय प्रारूपाच्या एकाच आवृत्तीतले असतात आणि पुढच्या आवृत्तीत चित्र पूर्ण वेगळं असू शकतं. पाहायचे ते मेट ऑफिसचे अधिकृत इशारे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, अंबर म्हणजे बेत बदलायची तयारी ठेवा आणि लाल म्हणजे जिवाला धोका आहे, प्रवास टाळा.

मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटनला जाणाऱ्यांनी एकाच जाड कोटाऐवजी एकावर एक घालता येतील असे कपडे न्यावेत. वाऱ्यात छत्री उलटते, म्हणून टोपीचं रेनकोट-जॅकेट बरं. सकाळी बाहेर पडताना तापमानाच्या आकड्यासोबत वाऱ्याची दिशाही पाहावी. उत्तर किंवा पूर्व दिसली, तर बाहेर कितीही लख्ख ऊन असलं तरी स्वेटर बॅगेत असू द्यावा.